खुडलेला धुमारा

"सर, मी सीट सोडतेय."

मागच्या दारी, धुण्याच्या दगडाशी पाठमोरी उभी राहून रुचिता फोनवर बोलत होती, आणि दाराच्या आत, तिच्यासाठीच आणलेला चहा हातात धरून तिच्या सासूबाई, मंजुळाबाई, जागच्या जागी थिजल्या होत्या.

"नाही सर, फीचा प्रश्न नाही. घरी आई एकट्या आहेत. त्यांना टाकून राहुरीला कशी येऊ? ...पुढच्या वर्षी पण नाही जमायचं. माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. ...पंधरा दिवस वाट बघतो म्हणता, पण माझं उत्तर हेच राहील."

कपातला चहा बशीत सांडला. मंजुळाबाई आल्या पावली मागे सरल्या, ओट्याशी गेल्या, आणि मुद्दाम भांडी वाजवून ओरडल्या, "अगं ए, चहा घ्यायचाय की त्याची आमटी करू?"

रुचिता आत आली. डोळे कोरडे, ओठांवर हसू. "घेते ना आई." गार झालेला तो चहा ती अशी प्यायली की जणू काही घडलंच नव्हतं! आणि मंजुळाबाईंच्या अंतःकरणात मात्र काहीतरी कायमचं तुटलं.

शहाड स्टेशनजवळच्या त्या बैठ्या चाळीत मंजुळाबाईंच्या जिभेला सगळे वचकून असत. शाळा तिसरीतच सुटलेली, नवरा भर तारुण्यात गेलेला, लोकांच्या घरी पोळ्या लाटून एकुलत्या एका प्रशांतला वाढवलेलं... असल्या बाईकडे दुसरं असणार काय? एक ताठ मान आणि एक धारदार जीभ. त्या जिभेने त्यांनी दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना सरळ केलं होतं.

प्रशांतचं लग्न ठरलं तेव्हा मुलीचं शिक्षण ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला होता. दापोलीच्या विद्यापीठातून चार वर्षं शिकून बी.एस्सी. हॉर्टिकल्चर!

"म्हणजे माळीकामच ना रे? झाडाला पाणी घालायला कॉलेज कशाला लागतं?"

"आई, तुला नाही कळायचं," प्रशांत हसत म्हणाला होता. "फळं, भाजी, फुलं, तोडल्यावर माल टिकवायचा कसा, बागा आखायच्या कशा, सगळं असतं त्यात. तिची एक मैत्रीण बँकेत शेतीची अधिकारी आहे. एक तळेगावला गुलाबाच्या हरितगृहात साहेबीण आहे. आणि एक लॅबमध्ये केळीची रोपं बाटलीत वाढवते."

"बाटलीत केळ? मेल्या, तू कुठली बाटली लावून आलायस?"

कशी हसली होती मायलेक त्या दिवशी! पोरकी, मामाकडे वाढलेली ती मुलगी सून म्हणून आली आणि बघता बघता मंजुळाबाईंच्या शिव्यांनाही हसायला लागली. एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा तिला प्रशांतनेच द्यायला लावली. तिला परीक्षेला सोडून येताना त्याने आईला बजावलं होतं, "नंबर लागला तर हिला पाठवायची हं आई. मी हाताने करून खाईन."

राहुरीच्या कृषी विद्यापीठात नंबर लागला. पण तो ऐकायला प्रशांत नव्हता... शीळफाट्याच्या त्या चौकात, भर सकाळी, कंटेनरच्या चाकाखाली त्याची मोटारसायकल गेली आणि त्या घराचा सगळा उजेडच विझला!

तेव्हापासून दोघी एकमेकींना धरून होत्या. एक रडायला लागली की दुसरी डोळे पुसायची. रुचिताने मामाच्या गावाहून हापूसच्या काड्या आणल्या आणि मागच्या अंगणात, पिशव्यांत वाढवलेल्या रायवळ आंब्याच्या रोपांवर कलमं बांधली. "हात विसरू नये म्हणून," एवढंच म्हणाली. मग मामी आजारी पडली म्हणून तिला पंधरा-वीस दिवस तिकडे जावं लागलं. निघताना तिने सासूबाईंना अंगणात बसवून सारं दाखवलं होतं.

"हे खालचं रोप म्हणजे खुंट. ही वरची काडी हापूसची. दोन्ही जुळेपर्यंत जपायचं. आणि आई, जोडाच्या खाली खुंटाला हिरवे धुमारे फुटतील, ते लगेच खुडायचे. माया करायची नाही त्यांच्यावर."

मंजुळाबाईंनी पाणी वेळेवर घातलं. सावली धरली. पण धुमारे मात्र खुडले नाहीत. मयताच्या वर्षात अंगणातलं हिरवं पान तोडायचं नाही, ही त्यांच्या सासरची, राजापूरकडची चाल. देवाला फुलं लागली तरी त्या वर्षी बाजारातून आणायची. घरातला तरणाताठा जीव गेलेला, आणि त्यांनी कोवळी फूट नखाने तोडावी? त्यांचा हातच धजेना. उलट, त्या लसलशीत पानांकडे बघून त्यांना रोज वाटायचं, आहे, या घरात अजून काहीतरी वाढतं आहे!

रुचिता परत आली आणि अंगणात मटकन खालीच बसली. खालून पानांची नुसती दाटी होती, आणि वरच्या काड्या वाळून काळ्या पडल्या होत्या. एकच काय ती हिरवी होती.

"आई, धुमारे खुडायला सांगितलेले ना मी?"

"सांगितलेलंस. पण आमच्यात या वर्षात हिरवं तोडत नाहीत. आणि मेली कुठे गं ती? बघ की किती जोमात आहेत!"

रुचिता रागावली नाही. त्या पानांवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "झाडं जगलीत आई. कलमं गेली. सगळा रस खालच्या फुटीनेच ओढून घेतला... वर काही पोचलंच नाही."

तेव्हा मंजुळाबाईंनी ते बोलणं कानाआड केलं होतं. आज, ते "सीट सोडतेय" ऐकल्यापासून मात्र ते शब्द त्यांच्या काळजात सळीसारखे शिरत होते. कोण होती ती खालची फूट? कुणाच्या मायेने या पोरीचा सगळा रस आटत चालला होता? पंचविशीही न ओलांडलेली, हुशार, विद्यापीठात नंबर लागलेली मुलगी... आणि ती एका म्हाताऱ्या विधवेच्या सोबतीला शहाडच्या चाळीत वाळून जाणार? देवा, हे पाप कुणाच्या माथी!

आधी त्यांनी सरळ वाट धरून पाहिली.

"रुचिता, तुझ्या त्या पुढच्या शिक्षणाचं काय झालं गं? जायचं असेल तर जा हो. मी काय दूधपितं बाळ नाही."

"नाही हो आई. मलाच कंटाळा आलाय पुस्तकांचा."

खोटं! साफ खोटं! रोज दुपारी, सासूबाईंचा डोळा लागलाय असं बघून हीच पोर ट्रंकेतली जुनी पुस्तकं काढून त्यांवर हात फिरवत बसायची. मंजुळाबाईंनी डोळ्यांच्या फटीतून कितीदा पाहिलं होतं. त्यांनी आणखी दोनदा विचारलं, रुचिताने दोन्ही वेळा हसून टाळलं. मायेने सांगून ही जायची नाही, हे त्यांना पुरतं कळून चुकलं. मग उरलं काय? आयुष्यभर जी एकच गोष्ट त्यांना नीट चालवता आली, ती जीभ.

दुसऱ्या दिवशी रुचिता रेशनच्या दुकानात गेली तेव्हा मंजुळाबाई मागच्या अंगणात गेल्या. जिवंत राहिलेल्या त्या एकुलत्या कलमासमोर बसल्या. जोडाखाली कोवळा, तांबूस धुमारा फुटला होता. "माफ कर रे बाळा," त्या पुटपुटल्या... आणि सासरच्या साऱ्या पिढ्यांची चाल मोडून त्यांनी तो नखाने खुडला. बोटांना चीक लागला. तो चीक तसाच घेऊन त्या आत आल्या, रुचिताची बॅग काढली आणि एकेक कपडा घडी घालून भरू लागल्या. मग भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि एक वाक्य म्हणून पाहू लागल्या. जी जीभ जन्मात कुठे अडखळली नव्हती ती त्या वाक्याशी पुनःपुन्हा अडखळली. पदर तोंडात कोंबून त्या थांबत आणि पुन्हा सुरुवात करत.

सकाळी नळाला पाणी आलं, सारी चाळ बाहेर होती, आणि मंजुळाबाईंच्या दारातून एक बॅग धाडकन अंगणात येऊन पडली.

"नीघ! आत्ताच्या आत्ता नीघ माझ्या घरातून!"

रुचिता हंडा हातात घेऊन उभीच राहिली. "आई? काय झालं?"

"आई म्हणू नकोस मला! पांढऱ्या पायाची! या उंबऱ्यात पाय ठेवलास आणि माझ्या घराची राख केलीस. माझ्या पोराला खाल्लंस, आता मला खायची वाट बघत बसलीयस काय?"

नळावरच्या बायकांचे हात थांबले. शेजारची सखुबाई धावत आली. "मंजुळे, अगं काय बोलतेस! वेड लागलं काय तुला?"

"तू मध्ये पडू नकोस सखू! नाहीतर हिला तूच ने, आणि तुझा लेक उत्तम खाऊ घाल हिला!"

रुचिताचा चेहरा पांढराफटक पडला. तिने हंडा खाली ठेवला. सासूबाईंकडे तिने इतका वेळ पाहिलं, इतका वेळ, की मंजुळाबाईंना वाटलं, आता आपण धावत जाऊन हिला पोटाशी धरणार... पण त्यांनी दाराची चौकट गच्च पकडून ठेवली. पोरीने बॅग उचलली. त्या घरात कुणीही बाहेर पडताना 'येते' म्हणायचं. रुचिता म्हणाली,

"जाते."

आणि गेली. दार लावून, कडी घालून मंजुळाबाई जमिनीवर कोसळल्या. हुंदका बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी त्याच हाताचा चावा घेतला, ज्याला कालच्या चिकाचा डाग अजून होता.

रुचिता राहुरीला गेली, एवढं सखुबाईच्या उत्तमकडून कळलं. त्यापुढे काही नाही. ना फोन, ना निरोप.

आणि मग सुरू झाला तो एकांत! सखुबाईने बोलणं टाकलं. नळावर मंजुळाबाई गेल्या की बायका हंडे घेऊन बाजूला होत. पोटच्या पोराच्या विधवेला भर चाळीत हाकलणारी कैदाशीण, असं त्यांच्या पाठीमागे बोललं जाई आणि त्यांना ते स्वच्छ ऐकू येई. एक शब्द सांगितला असता तर सगळा डाग धुतला गेला असता... पण तो शब्द फिरत फिरत रुचितापर्यंत पोचला असता, आणि पोर अर्धं शिक्षण टाकून उलट्या पावली परत आली असती. म्हणून मंजुळाबाई गप्प राहिल्या. जिच्या तोंडाला खळ नाही म्हणून चाळ हसायची, ती बाई दिवसच्या दिवस बोलली नाही. कधी दूधवाल्याला "उद्या पाव लिटरच दे" म्हणायला तोंड उघडलं, तर आवाज खरखरीत, परक्याचा वाटायचा. एकदा तर तो दुधात पाणी घालतो म्हणून त्यांनी भांडण उकरून काढलं, पण त्याने मुकाट्याने मान खाली घातली आणि त्या दारातच खिन्न उभ्या राहिल्या. भांडायलासुद्धा आपलं माणूस लागतं!

पीठ एवढंसं मळायचं, ते परातीला चिकटूनच संपायचं. तरी अधूनमधून हात चुकायचा आणि दुसरी भाकरी थापली जायची. मंजुळाबाई ती तव्यावरून उतरवत, बघत बसत, आणि कुत्र्याला घालत. सणाला पुरण शिजवायचं सोडलं. फोटोतल्या प्रशांतसमोर मात्र रोज उभ्या राहत. "तुझ्या नावाने बोलले रे... तुझ्या नावाने तिला मारलं. पण तूच म्हणाला होतास ना, हिला पाठवायची?"

तीन वर्षं अशी गेली.

आणि फाल्गुनातल्या एका दुपारी उत्तम दारात येऊन उभा राहिला. वागळे इस्टेटमध्ये तो वायरमनचं काम करायचा. "काकी," तो अवघडून म्हणाला, "आई म्हणत होती सांगू नको. पण वहिनी दिसली. आमच्या इथे त्या नव्या काचेच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बाग केलीय ना, तिथली मोठी मॅडम आहे ती. माळ्यांना झापत होती. दिवाळीपासून ठाण्यातच आहे म्हणे."

दिवाळीपासून! शहाडपासून हाकेच्या अंतरावर... आणि पोर फिरकली नव्हती!

मंजुळाबाईंना आनंद व्हायला हवा होता. झालाही. मॅडम झाली पोर, मोठी मॅडम! पण त्या आनंदाच्या पाठोपाठ भीतीही आली. तिने आपला तिरस्कार करावा म्हणून आपणच जिभेला धार लावली होती... ती धार इतकी खोल गेली? आता शिक्षण झालं, नोकरी लागली, आता तरी... की आता कधीच नाही?

दोन दिवस त्यांनी अभिमान उराशी धरून काढले. तिसऱ्या दिवशी प्रशांतने घेतलेली जांभळी साडी नेसल्या आणि विचारत विचारत वागळे इस्टेटमध्ये त्या काचेच्या इमारतीशी पोचल्या.

"कोण पाहिजे आजी?" वॉचमनने विचारलं.

"रुचिता मॅडम."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

काय सांगावं? सासू? सासू असते ती हाकलते का? आई? तो हक्क तर त्यांनी स्वतःच भर अंगणात मोडून टाकला होता. "ओळखते मला ती," त्या कशाबशा म्हणाल्या.

गच्चीवर ऊन रणरणत होतं. वेलींच्या मांडवाखाली लांबलचक वाफे होते आणि पिवळी टोपी घातलेली एक बाई कमरेवर हात ठेवून बोलत होती, "तुळसाबाई, भर उन्हात पाणी घालू नका म्हणून किती वेळा सांगितलं? मुळं उकडून काढायचीत का?" तोच आवाज... पण त्याला आता कणा आला होता. मंजुळाबाई ऐकतच राहिल्या.

रुचिता वळली. उन्हाने रापलेला चेहरा, हातांना माती.

"आई?"

वाटेत किती मऊ शब्द जुळवले होते! पण तोंडातून निघालं ते, "दिवाळीपासून ठाण्यात आहेस! शहाड काय परदेशात आहे?"

रुचिता हसली नाही. तिने एक खुर्ची सावलीत ओढली. "बसा. ऊन आहे."

"बसायला आले नाही. माझा राग आहे ना तुला? असू दे. राग यावा म्हणूनच तर मी..." मंजुळाबाईंनी जीभ चावली.

"म्हणूनच तर तुम्ही नाटक केलंत," रुचिता शांतपणे म्हणाली. "मला त्याच दिवशी कळलं, आई. स्टेशनच्या पुलावर बॅग उघडली. कपडे घड्या घालून भरलेले. मध्ये स्वेटर, राहुरीला थंडी असते म्हणून. तळाशी माझी सगळी सर्टिफिकेटं, आणि पिशवीत बांधलेलं मेतकूट. रागाने घराबाहेर काढणारी बाई मेतकूट बांधून देते का हो?"

मंजुळाबाईंनी खुर्चीची पाठ धरली. "तुला... ठाऊक होतं? मग एक फोन का नाही केलास गं? तीन वर्षं मी..."

"केला असता तर तुमचा आवाज ऐकून परत आले असते. मग तुम्ही सोसलेलं सगळं वाया गेलं असतं. त्याग काय तुम्हालाच करता येतो?"

"आणि शिकून झाल्यावर? ठाण्यात आल्यावर?"

रुचिता हातावरची माती नखाने खरवडत राहिली.

"दोनदा शहाडला उतरले. पुलावरूनच परत फिरले," ती शेवटी म्हणाली. "बाकी सगळं नाटक होतं हे कळलं होतं. पण ते एक वाक्य... 'माझ्या पोराला खाल्लंस'... ते नाटकातलं होतं की मनातलं, हे मला कळेना. विचारायची हिंमत होईना. तुम्ही क्षणभर जरी गप्प राहिला असतात ना आई, तर मी मेले असते."

मंजुळाबाई क्षणभरही गप्प राहिल्या नाहीत.

"मनातलं असतं तर ते शोधायला लागलं असतं का गं?" त्या ओरडल्याच, आणि ओरडता ओरडता रडू लागल्या. "दुपारभर भिंतीसमोर उभी राहून घोकलं ते! तिसरीत शाळा सुटलेली बाई मी, शाळेतली एक कविता मला कधी पाठ झाली नाही... ते एक वाक्य तेवढं पाठ केलं, तुझ्यासाठी! जीभ वळत नव्हती. पदर चावत होते आणि म्हणत होते. त्याहून हलकं काही बोलले असते तर तू गेली असतीस? हसून हंडा उचलून घरात आली असतीस! तू माझ्या पोराला काय खाशील... दीड वर्ष जे सुख पाहिलं त्याने, ते तुझ्यामुळेच ना? त्याच्या फोटोकडे रोज माफी मागते मी. तुझ्याकडे मागायचं धाडस होत नव्हतं, ते आज..."

पुढचं बोलताच आलं नाही. रुचिताने मातीच्या हातांनीच त्यांना मिठी मारली, आणि तीन वर्षांचा बांध दोघींच्या डोळ्यांतून असा फुटला की बाजूला झारी घेऊन उभ्या असलेल्या तुळसाबाईलाही पदर डोळ्यांना लावावा लागला.

"साडीला माती लागली बघ," मंजुळाबाई हुंदक्यांमधून म्हणाल्या, पण सोडलं मात्र नाही.

तुळसाबाईला राहवेना. "मॅडम, ह्या कोण वो?"

रुचिताने टोपी काढली, सासूबाईंचा हात आपल्या हातात घेतला. "ह्या? ह्यांनी मला शिकायला पाठवलं, तुळसाबाई."

मंजुळाबाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं. तीन वर्षांत न ताठलेली मान हळूहळू वर आली.

"पाठवलं नाही," त्या म्हणाल्या. "हाकललं. सांगायचं तर नीट सांग."